लीज संपली की गावातल्या माणसाने गाडी परत करू नये, विकतच घ्यावी. पटतंय का?

अडाणकाठ

मुद्दा सरळ मांडतो, मग तुटून पडा.

कंपनीच्या लीजवर (गाडी लीज कंपनीच्या नावावर, हप्ता माझ्या पगारातून) २०२२ साली घेतलेली माझी पेट्रोल हॅचबॅक आहे. चार वर्षांची मुदत आता संपत आली. नोकरी पुण्याची, गाडीचा नंबर एमएच १२, पण घरून काम करायची परवानगी मिळाल्यापासून मुक्काम दारव्हा तालुक्यात, गावी. लीज कंपनीचं पत्र आलंय: गाडी परत करा, मुदत वाढवा, नाहीतर करारात ठरलेल्या ४ लाख ४० हजारांना विकत घ्या. नवी होती तेव्हा एक्स-शोरूम ९ लाखांची.

माझं मत असं की पुण्या-मुंबईच्या माणसाने काय ते करावं, गावात राहणाऱ्याने परत करायच्या भानगडीत पडू नये. परत करताना तपासणी होते, आणि तपासणारा येतो तो सोसायटीच्या पार्किंगमधली गाडी डोळ्यांसमोर ठेवून. आमच्या गल्लीत कापूस संपला की पऱ्हाट्यांनी (कपाशीच्या वाळक्या काड्यांनी) भरलेल्या बैलबंड्या सुरू होतात. समोरून बंडी आली की कोणीतरी भिंतीला लागायचं असतं, आणि बैल काही भिंतीला लागत नाहीत. डाव्या दोन्ही दारांवर, हँडलच्या खाली, हातभर लांब बारीक समांतर ओरखडे आहेत, कंगवा फिरवल्यासारखे. मागच्या चाकाच्या आत काळी माती इतकी बसलीय की प्रेशरने धुतली तरी दुसऱ्या दिवशी वाळून पुन्हा ढेकूळ पडतं. ही 'नेहमीची झीज' आहे का? गावात आहे. करारात नाही.

वर किलोमीटर. मर्यादा ६० हजारांची होती. पुणे-दारव्हा फेऱ्यांनी काटा केव्हाच पुढे गेला. समृद्धीचा कारंज्याचा इंटरचेंज सुरू झाल्यापासून तर जास्तच. वरच्या प्रत्येक किलोमीटरला दर लावलेला आहे.

विकत घेतली तर दोन्ही विषय मिटतात. गाडी माझी, ओरखडेही माझे.

जुनीगाडी_यवतमाळ

दादा, मी याच धंद्यात आहे म्हणून बोलतो. तुम्ही किलोमीटरचा दंड आणि ओरखड्यांचा दंड बघितला, पण ४.४० हा भाव बरोबर आहे का ते बघितलंच नाही. पुण्याच्या वेबसाइटवरचा भाव धरू नका. यवतमाळात आज अशी पेट्रोल हॅचबॅक माझ्यासारखा दुकानदार ४.२० च्या वर घेणार नाही, आणि गिऱ्हाइकाला ४.७० च्या वर विकू शकणार नाही. इकडे मागणी डिझेलला, नाहीतर सीएनजीला. पेट्रोल हॅचबॅक शिक्षक घेतात, ग्रामसेवक घेतात, आणि ते घासाघीस करण्यात कोणाला ऐकत नाहीत.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची. लीजची गाडी म्हणजे सर्व्हिस वेळेवर, सगळी अधिकृत वर्कशॉपची, कागद पूर्ण. अशी चार वर्षांची गाडी बाजारात शोधायला गेलात तर मिळेलच असं नाही.

टक्केवारी

अमरावतीला सीए आहे. धाग्यात अजून दोन आकडे आलेच नाहीत.

पहिला. करार २०२२ चा. तेव्हा चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर २८ टक्के जीएसटी आणि १ टक्का सेस होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून सेस गेला आणि जीएसटी १८ टक्के झाला. नवी गाडी उतरली की जुनीचा भावही तिच्यामागे उतरतो. करारात छापलेला आकडा मात्र होता तिथेच. म्हणजे तुमचे ४.४० लाख हे जुन्या कराच्या काळातल्या अंदाजाने ठरलेले आहेत. 'चार वर्षांपूर्वी ठरलं म्हणजे स्वस्तच असणार' असं जे लोक धरून चालतात, ते या वर्षी फसतील.

दुसरा. जैसलमेरला डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषद झाली, त्यात नोंदणीकृत विक्रेत्याने जुनी गाडी विकली तर नफ्याच्या फरकावर सरसकट १८ टक्के असं ठरलं. विक्रेत्याने घसारा (वापरामुळे दरवर्षी हिशोबात घटवलेली किंमत) घेतला असेल तर फरक म्हणजे विक्री किंमत वजा घसाऱ्यानंतर उरलेली किंमत. फरक उणे आला तर कर नाही. तुम्ही-आम्ही आपली गाडी शेजाऱ्याला विकली तर हा विषयच नाही, पण लीज कंपनी नोंदणीकृत असते. भाड्याने द्यायच्या गाड्यांवर आयकरात ३० टक्के घसारा मिळतो. ९ लाखांवर चार वर्षं तो धरला तर पुस्तकात उरतात ढोबळ २.१६ लाख. ४.४० मधून ते वजा केले की फरक २.२४ लाख, त्यावर कर सुमारे ४० हजार. तेव्हा पत्रातले ४.४० जीएसटीसह की वगळून, हे आधी लेखी विचारा. वगळून असतील तर तुमची गाडी ४.८० ला पडली, आणि वरचे दुकानदार ती ४.७० ला देतायत.

माझं मत: परत करा.

ठेचाभाकर

राजेहो, एवढा हिशोब! भाऊ, मले एक सांग, तू गाडी आवडते म्हणून घेऊन रायला का ओरखड्याच्या भेवानं? भेवानं घेत असशीन तर नको घेऊ. दोन दारं रंगवाले कितीक लागतात? दारव्ह्याले विचारून पाह्य. ते पैसे एकीकडं अन् साडेचार लाख एकीकडं.

अन् दुसरं, तुही गाडी २०२२ ची. एप्रिल २०२३ पासून नव्या गाड्या ई२०, म्हंजे वीस टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलच्या हिशोबानं येऊन रायल्या. पंपावर आता तेच पेट्रोल हाये. रबरी नळ्या, गॅस्केट जवा जातीन तवा खर्च कोनाचा? लीजवाल्याचा नाई बाप्पा, तुहा. पुढची पाच-सात वर्षं त्याच गाडीत काढाची असन तर याचा इचार कर.

कोळसापट्टा

वणीहून लिहितेय. आमच्याकडे ह्यांची लीज संपली तेव्हा आम्ही गाडी परत केली, त्यामुळे अडाणकाठ दादांनी रंगवलेली तपासणी वाचून गंमत वाटली. आमच्याकडे कोळशाच्या ट्रकांचा रस्ता, काचेवर खडे, बंपरला पोचे, तुमच्यापेक्षा कमी काहीच नव्हतं.

काय केलं, तर तपासणीच्या आधीच विम्यातून काम करून घेतलं. पॉलिसी सुरू होती, झिरो डेप (सुट्या भागांची घट न कापणारं कव्हर) होतं. एका घटनेला एक क्लेम हे पाळलं. लीज कंपनीची परवानगी ईमेलवर घेतली, कारण पॉलिसीवर मालक तीच. तपासणी ऊन असताना, गाडी धुऊन ठेवली. स्वतः शेजारी उभी राहिले, प्रत्येक पानाचा फोटो काढला आणि सही झाल्यावरच किल्ली दिली. पैसे कापले गेले ते ओरखड्यांसाठी नाहीच. दुसरी किल्ली सापडेना, तिचे! त्या किल्लीची किंमत ऐकून आमच्या सासूबाई म्हणाल्या, एवढ्यात बकरी येते.

तेव्हा गावाचा रस्ता वाईट म्हणून गाडी विकत घ्या हा युक्तिवाद मला लंगडा वाटतो.

अडाणकाठ

ताई, तुमची लीज खाणपट्ट्यातली, तुमच्याकडे येणाऱ्याला रस्ते माहीत असणार. माझ्याकडे येणारा पुण्याहून फोनवर 'दारव्हा म्हणजे नागपूरच्या जवळ ना?' विचारतो.

ठेचाभाकर भाऊ, भेव आहेच, नाकारत नाही. पण मी फक्त भेवाने घेत नाहीये. परत केली की दुसऱ्या दिवशी मी बिनगाडीचा. आईला डायलिसिस नाही की काही नाही, देवाची कृपा, पण रात्री यवतमाळला दवाखाना गाठायचा तर एसटी नसते. नव्या गाडीचं बुकिंग करून थांबायचं, नाहीतर अनोळखी जुनी घ्यायची. ही गाडी मी पहिल्या किलोमीटरपासून चालवलीय. एकदा सोयाबीनच्या हंगामात उंदराने वायरिंग कुरतडलं, तेवढा एक आजार. कोणती वायर बदलली तेही माहीत आहे. बाजारातल्या गाडीचा उंदीर मला कुठे माहीत असणार?

सीए साहेब, ४० हजारांचा मुद्दा मात्र बसला. विचारतो.

हप्तेबाज

मुदतवाढ कोणी बोलतच नाही. एक वर्ष वाढवा, तोवर बाजार कुठे जातो ते दिसेल. पगारातून कापलं जातं, करही वाचतो.

टक्केवारी

@हप्तेबाज, वाढीव वर्षाचा हप्ता किती ते बघा. गाडी अर्ध्या किमतीवर आली तर हप्ताही तसा खाली यायला हवा. तो फारसा कमी होत नसेल तर तुम्ही ९ लाखांच्या गाडीचं भाडं साडेचार लाखांच्या गाडीला देताय. शिवाय किलोमीटरची मर्यादा संपलेलीच आहे, वाढीव वर्षात मीटर पहिल्या दिवसापासून दंडात पळणार. नवी गाडी बुक केलीय आणि दोन-तीन महिने काढायचेत, एवढ्यापुरती मुदतवाढ ठीक.

जुनीगाडी_यवतमाळ

सीए साहेबांचं गणित बरोबर, निष्कर्ष चुकीचा. परत करा म्हणणं सोपं आहे. पण करारातला आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. लीज कंपनीच्या जागी बसून बघा. गाडी दारव्ह्याहून उचलायची, नागपूरच्या यार्डात न्यायची, लिलावात टाकायची. लिलावात मी आणि माझ्यासारखेच बसलेले असतात, आणि आम्ही ४.२० सुद्धा देत नाही, ३.९० पासून सुरू करतो. तुम्ही 'सगळं मिळून ४.१०' म्हणालात तर त्यांना परवडतं. मागून तर बघा. फक्त परत करायची तयारी आहे हे दिसलं पाहिजे. 'मला घ्यायचीच आहे' म्हणालात की भाव संपला.

घेतलीत तर कागदांचं ऐका. आरसीवर मालक लीज कंपनी आहे, म्हणजे मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही त्यांची. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी. राज्यातल्या राज्यात आहे, एमएच १२ नंबर बदलून एमएच २९ करायची गरज नाही. रस्ता करही पुन्हा भरायचा नाही. गाडी कर्नाटकात नोंदलेली असती तर हा धागा वेगळाच झाला असता. विमा १४ दिवसांच्या आत नावावर करून घ्या, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. नो क्लेम बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही, म्हणून तो तुम्हाला मिळेलच असं धरू नका. पुढच्या प्रीमियममध्ये तो फरक धरा.

ठेचाभाकर

पाह्य, म्हंजे मी बोललो तेच झालं. परत कराची तयारी ठेव, मंग भाव कर. भेव दाखवू नको.

कोळसापट्टा

दुकानदार दादांचा सल्ला पटला, पण एक सांगते. लीजवाले 'करारात हेच आहे' म्हणून हलणार नाहीत असंही होऊ शकतं. तेव्हा ४.८० ला घेणार का? याचं उत्तर आत्ताच ठरवा, फोनवर नको.

अडाणकाठ

विचारलं. ४.४० जीएसटी वगळून. टक्केवारी साहेब, तुम्ही म्हणालात तसंच.

मेल टाकलाय: कर धरून ४ लाख १५ हजार, नाहीतर गाडी गावातून उचलून न्या. कोळसापट्टा ताईंच्या प्रश्नाचं उत्तर: ४.८० ला नाही घेणार. वर जास्तीत जास्त ४.४०, तेही कर धरून. मधले २५ हजार ओळखीच्या गाडीचे मी देईन, यवतमाळचा भाव काहीही असो, आणि ते कोणत्याही सीएच्या कोष्टकात बसणार नाहीत हे मान्य आहे. गावातल्याने कधीच परत करू नये, हे माझं वाक्य तेवढं मागे. बाकी कायम.

टक्केवारी

२५ हजार बसतात कोष्टकात. 'हौस' नावाचा रकाना असतो.

कोळसापट्टा

दारांचं काम विम्यातून आत्ताच टाकून ठेवा, घेतली तरी आणि दिली तरी. आणि दिलीच, तर फास्टॅग काढून बंद करायला विसरू नका. नाहीतर टोल तुमच्या खात्यातून जाईल आणि गाडी फिरेल दुसऱ्याची. दुसरी किल्ली आजच शोधा.