जुनी शिवलेली होडी पाण्यात घालायची आहे: खिळे, फायबर की पुन्हा काथ्याच?

मंडळी, मदत हवी आहे. तारकर्ली-देवबाग पट्ट्यातली आमच्या आजोबांची उलांडीची (तोल राखायला बाजूला बांधलेल्या ओंडक्याची) होडी दुरुस्त करायला घेतली आहे. राहतो ठाण्याला, आणि सुतारकाम म्हणाल तर घरातल्या कपाटाचं दार तासण्यापलीकडे काही केलेलं नाही. प्रश्न बाळबोध वाटले तर सांभाळून घ्या.

होडी साधारण २२ फूट. तळ आंब्याच्या एकाच खोडातून कोरलेला, त्यावर दोन्ही अंगांना एकेक फळी चढवलेली. ही फळी तळाला खिळ्यांनी जोडलेली नाही, शिवलेली आहे. काठाने भोकं, सांध्यावर काथ्याची वळी दाबून बसवलेली आणि तिच्यावरून सुंभाचे घट्ट वेढे. पूर्वी रापणीचं, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं घेऊन असल्याच होड्या जायच्या. पुढे फायबरच्या आल्या आणि आमची मांगरात (वाडीतल्या कौलारू खोपटात) जाऊन पडली.

आजची अवस्था अशी. सुंभ चिमटीत धरलं की भुगा होतो. डाव्या फळीला नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, हातभर चीर आहे. सगळीकडे टोच्याने टोचून पाहिलं. तळ आणि फळ्या बऱ्यापैकी टणक आहेत, पण मागच्या टोकाला, जिथे मांगराची कौलं फुटून पाणी ठिबकायचं, तिथे वीतभर भाग मऊ झालाय. इतकी वर्षं खाऱ्या पाण्याने ज्याला काही केलं नाही, ते पावसाच्या गोड्या पाण्याने कुजवलं! उलांडी वाळवीने संपवली आहे, ती नवीच करावी लागणार.

गावात विचारलं. एक सुतार म्हणतो, सरळ खिळे मारू, दोन दिवसांत मोकळे. फायबरचं काम करणारा म्हणतो, आतून-बाहेरून थर देतो, आयुष्यभर बघायला नको. माझं मन मात्र शिवण्याकडे ओढतंय. अजिंठ्याच्या चित्रावरून बांधलेलं 'कौंडिण्य' हे जहाज गोव्यात होडी इनोव्हेशन्सने काथ्यानेच शिवलं आणि मे २०२५मध्ये ते कारवारला नौदलात दाखल झालं, हे वाचल्यापासून तर जास्तच. पण तिथे केरळचे मुरलेले कारागीर होते, इथे मी आणि माझा चुलतभाऊ.

होडी समुद्रात न्यायची नाही, कर्लीच्या खाडीत वल्हवायची आहे. शिवण नवशिक्याला जमेल का? मऊ झालेल्या भागाचं काय करू? आणि लाकडाला वरून काय लावू?

खाडीकाठ:
फायबरवाल्याला आधी निरोप द्या. तुमच्या लाकडात वर्षानुवर्षं माशाचं तेल मुरलेलं असणार, त्यावर फायबरचा थर नीट धरत नाही. कडेने सुटतो, पाणी आत शिरतं, मग बाहेर पडत नाही आणि लाकूड आतल्या आत कुजतं. बाहेरून मात्र चकचकीत! अशा होड्या किनाऱ्यावर हव्या तेवढ्या दाखवतो.
आणखी एक. आत्ता लाकूड सुकलेलं आहे म्हणून फटी रुंद दिसतात. त्या लांबीने (पुट्टीने) किंवा इपॉक्सीने गच्च भरू नका. पाण्यात गेल्यावर लाकूड फुगतं, आणि फुगायला जागा नसली की फळीच चिरते. मऊ काथ्या किंवा कापूस, वर तेलात कढवलेली राळ, एवढं पुरतं. पहिले एक-दोन दिवस होडी गळणारच, उथळ पाण्यात बांधून ठेवा आणि घाबरू नका.

रापणकर:
खिळे मारूक जाव नको. लोखंड खाऱ्या पाण्यात गंजता, फुगता आणि फळी फोडता. शिवलेली होडी लाटेबरोबर हलता, वाळयेर आपटली तरी फुटणा नाय. सुंभ सैल झाला तर परत शिवूचा, आमचे म्हातारे तेच करीत. एकट्यान जमाचा नाय, एक माणूस आत आणि एक भायर होयो. वेढो ओढून झालो की भोकात लाकडाची खुंटी ठोकायची, म्हणजे पुढचो वेढो घालीपर्यंत सुंभ सैल पडणा नाय. भावाक आत बसव.

लाकूडवेडा:
मऊ भाग पूर्ण काढा. टणक लाकूड लागेपर्यंत तासायचं आणि त्या मापाचा तुकडा बसवायचा. रेषा खोडाच्या रेषांना समांतर हव्यात. तुकडा जुन्या, सुकलेल्या आंब्याचाच घ्या. सागाचा मोह होईल, पण दोन लाकडं वेगवेगळी फुगतात. उलांडीला पांगारा बघा, हलका असतो.
वरून माशाचं तेल लावा, वास सहन होत असेल तर. काजूच्या टरफलाचं तेलही चालतं, पण ते कातडीवर पडलं तर फोड येतात, हातमोज्यांशिवाय हात लावू नका. लाकूड पोखरणाऱ्या टेरेडोची फार चिंता नको. तो शिंपल्याच्या जातीचा जीव, लाकूड कायम पाण्यात असेल तर सोकावतो. होडी वापर झाल्यावर वर ओढून ठेवत जा. मात्र पावसाळ्यात पालथी घाला, वर माडाच्या झापांचं छप्पर करा आणि खालून वारा खेळू द्या.

धागाकर्ता:
सर्वांचे मनापासून आभार. फायबर आणि खिळे दोन्ही बाद. चुलतभावाला आत बसायचं आहे हे कळवलंय, त्याचं उत्तर इथे लिहिण्यासारखं नाही. मऊ भाग या आठवड्यात तासून काढतो आणि फोटो टाकतो.
आता अडलंय ते सुंभावर. बाजारात मिळतं ते यंत्राचं, ठिसूळ वाटतं. नारळाची सोडणं (वरची सालं) खाडीत कुजवून हाताने वळलेलं, करंगळीपेक्षा बारीक सुंभ मालवण-वेंगुर्ल्याकडे अजून कुणी करून देतं का? आणि एवढ्या होडीला अंदाजे किती वाव (पसरलेल्या दोन हातांएवढं माप) सुंभ लागेल?