छिद्र हिमोग्लोबिनपेक्षा लहान, मग तांबडी पेशी फुटते कशी?

प्रश्न (विद्यार्थिनी, सूक्ष्मजीवशास्त्र, कोल्हापूर)
करवीर तालुक्यातील एका गोठ्यात गाईला दगडी (कासेचा दाह) झाली होती. तिच्या दुधातील स्टॅफिलोकॉकस ऑरियस हे जिवाणू आम्ही मेंढीचे रक्त घातलेल्या अगारवर (जिवाणू वाढवण्याच्या जेलीसारख्या माध्यमावर) वाढवले. दुसऱ्या दिवशी वसाहतींभोवती काचेसारखे स्वच्छ कडे दिसले, म्हणजे तिथल्या तांबड्या पेशी फुटल्या होत्या, आणि त्याबाहेर आणखी एक अंधूक कडे होते. या जिवाणूचे अल्फा जीवविष पेशीपटलाला छिद्र पाडते हे मला ठाऊक आहे. पण त्या छिद्राची सर्वांत अरुंद जागा जेमतेम १.४ नॅनोमीटर असते, आणि हिमोग्लोबिनचा रेणू ५ नॅनोमीटरहून मोठा असतो. मग तो बाहेर पडतो कसा?

प्रतिसाद १ (प्राध्यापक)
तो छिद्रातून बाहेर पडतच नाही. पेशी फुटल्यावर सांडतो. अल्फा जीवविष हे २९३ अमिनो आम्लांचे प्रथिन सुटे असताना पाण्यात विरघळते, पण पेशीपटलावर सात रेणू कडे करून बसले की प्रत्येकाचे दोन पट्टे पटलात उतरतात आणि चौदा पट्ट्यांची पोकळ नळी तयार होते. १९९६ मध्ये स्फटिकरचनेत ही नळी अळंबीच्या देठासारखी स्पष्ट दिसली. तिच्यातून पोटॅशियम बाहेर जाते, सोडियम आत येते, मोठी प्रथिने मात्र आतच अडकून पाणी ओढत राहतात. त्यामुळे भिजत घातलेल्या बेदाण्यासारखी पेशी टरारून फुगते आणि शेवटी फाटते. बाहेरच्या द्रावणात छिद्रातून न जाणारे मोठे डेक्स्ट्रान (साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्या) पुरेसे घातले, तर पोटॅशियम गळते, पण पेशी फुटत नाही. मला हा पुरावा फार मोलाचा वाटतो, कारण गळणे आणि फुटणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत हे त्यातून उघड होते.

प्रतिसाद २ (पशुवैद्य, शिरोळ)
सरांचे विवेचन आतल्या कड्याला लागू आहे. बाहेरचे अंधूक कडे बहुधा याच जिवाणूच्या बीटा जीवविषाचे असावे, आणि ते छिद्र पाडत नाही. ते पटलातील स्फिंगोमायलिन हा मेदपदार्थ तोडणारे विकर (एन्झाइम) आहे. जनावरांकडून मिळणाऱ्या जिवाणूंत ते बऱ्याचदा आढळते. ताई, ती पेट्री डिश रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून पाहा. बाहेरचे कडे थंडीत स्वच्छ होईल.

प्रश्नकर्ती
डिश आजच फ्रीजमध्ये ठेवली. तीव्र दगडीत कासेचा सड निळा व गार पडतो, तेही अल्फामुळेच का?

प्रतिसाद २ (पशुवैद्य, शिरोळ)
मुख्यतः होय. ते रक्तवाहिन्या आवळते आणि त्यांच्या अस्तराच्या पेशीही मारते, त्यामुळे कासेचा तो भाग रक्ताविना मरतो. प्रतिजैविकाने जिवाणू मेले तरी आधीच सुटलेले जीवविष निकामी होत नाही. म्हणून दुधात पहिली गुठळी दिसताच मी गोठ्यावर बोलावण्यास सांगतो.