विठाबाई, मंगलाताई आणि आपलं स्नेहसंमेलन

बी-३०४ (काकू): सोसायटीच्या स्नेहसंमेलनाला आई-मुलगी दोघी कलाकार असा विषय ठरला ना, मग सगळ्यांनी फिल्मवाल्यांचीच नावं टाकलीत, तमाशातल्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर आणि त्यांची मुलगी मंगला बनसोडे कुणालाच आठवल्या नाहीत का

ए-१०२: काकू सॉरी पण लहान मुलं असतात, तमाशा कसा चालेल 🙈

बी-३०४ (काकू): अहो तमाशा म्हणजे नुसती लावणी नाही. आधी गण म्हणजे गणपतीचं स्तवन, मग कृष्ण-गवळणींची गवळण, विनोदी संवादांची बतावणी आणि मग वग, म्हणजे अख्खं नाटकच की. विठाबाईंना राष्ट्रपती पुरस्कार दोनदा मिळालाय, १९५७ आणि १९९० ला

सी-५०१: ती बाळंतपणाची गोष्ट यांचीच ना?

बी-३०४ (काकू): हो, सांगतात तसं, दिवस भरलेले, खेळ चालू असताना कळा आल्या, स्टेजमागेच बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि परत नाचायला उभ्या, शेवटी पब्लिकनेच हात जोडले बाई आता बस. पण खरं सांगू, दरवेळी हेच फॉरवर्ड करून टाळ्या वाजवतात त्याचा मला राग येतो, भरल्या दिवसांच्या बाईला पोटासाठी उभं राहावं लागतं यात कौतुक कसलं? शेवटी हालच झाले त्यांचे. २००२ ला गेल्या आणि २००६ पासून सरकारने त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला!

सी-५०१: तो पुढे मंगलाताईंनाही मिळाला

ए-१०२: आईच्या नावाचा पुरस्कार मुलीला, वशिला 😄

डी-२०३: वशिला काय दादा, लहानपणापासून आईच्या फडात, म्हणजे तमाशा मंडळात, राबल्या, मग स्वतःचा फड उभा केला, आता मुलगा नितीनकुमार सोबत असतो. फड म्हणजे कलाकार, बिगारी, ट्रक, तंबू सगळ्यांचं पोट, आणि ऐन सीझनला अवकाळी आला की बोंबला. पाडव्याच्या सुमारास नारायणगावला जाऊन बघ, फडांच्या राहुट्या, बाहेर नावाचे बोर्ड, आत गावची पंचमंडळी मांडी घालून यात्रेतल्या खेळाची सुपारी, म्हणजे बुकिंग, ठरवतात, चैत्रातल्या अष्टमी-पौर्णिमेला तर भाव एकदम चढा

ए-१०२: बरं बाबा हरलो. काकू दहा मिनिटं तुमची, पण बोलणार कोण

बी-३०४ (काकू): मीच बोलते आणि एक गवळणही म्हणते. फक्त ढोलकीवाला खरा आणा, कीबोर्डवर ढोलकी वाजवणार असाल तर मी येत नाही, आत्ताच सांगते

सी-५०१: 😂😂 ई विंगमधल्या आजोबांकडे ढोलकी आहे, विचारतो