लिपलेस क्रँकबेटने बास पकडताना पाणगवतात नेमके काय करावे?

सिंहगडरोडकर

नमस्कार मंडळी. पुणे परिसरात गळ टाकत मला २२ वर्षे झाली. कणकेच्या गोळ्यावर रोहू-कटला आणि रबरी बेडकावर मरळ, एवढ्यावरच माझा आजवरचा अनुभव बेतलेला आहे, म्हणून जाणकारांना विचारतो आहे.

मुलगा ह्यूस्टनला असतो. गेल्या ऑक्टोबरमध्ये त्याच्याकडे गेलो असताना आम्ही दोघे पूर्व टेक्सासमधील सॅम रेबर्न जलाशयावर लार्जमाउथ बास या गोड्या पाण्यातल्या शिकारी माशासाठी दोन दिवस बोटीतून फिरलो. दुकानदाराने अर्ध्या औंसाची, म्हणजे साधारण १४ ग्रॅमची, तीन लिपलेस क्रँकबेट दिली होती. ज्यांनी हे आमिष पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो: माशाच्या आकाराचा चपटा, पोकळ, प्लॅस्टिकचा देह, आत छर्रे, दोर बांधायची कडी नाकावर नसून पाठीवर, आणि इतर क्रँकबेटला खोल नेणारी जी पट्टी तोंडापुढे असते ती इथे मुळीच नाही. हातात धरून हलवले की लहान मुलाच्या खुळखुळ्यासारखे वाजते, त्यामुळे आमच्या बोलण्यात त्याचे नाव खुळखुळाच पडले.

पहिल्या दिवशी प्रत्येक फेकीला गळांना पाणगवताचा झुबका लागून आला. दुसऱ्या दिवशी कंटाळून आम्ही गवत सोडून मोकळ्या पाण्यात गेलो आणि दिवसभर एकाच वेगाने रीळ फिरवत राहिलो. संध्याकाळी दोन मासे लागले, पण दोघांनीही पाण्याबाहेर उडी मारून, तोंड वासून मान झटकली आणि आमिष भिरकावून दिले. दुसऱ्या वेळी तर ते गळांसकट बोटीतल्या बाकावर येऊन आदळले.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा जायचे आहे, मुक्काम एप्रिलच्या मध्यापर्यंत आहे. या आमिषाला पाण्यात नेमके कसे खेळवायचे, मासा का सुटतो आणि जाण्यापूर्वी इथे काही सराव करता येईल का, हे कृपया कोणी सविस्तर सांगावे.

औंधवासी

काका, नमस्कार. मी नोकरीनिमित्त ९ वर्षे डॅलसला होतो आणि त्यांतले बहुतेक शनिवार पूर्व टेक्सासच्या तलावांवर काढले. पहिल्या दिवशी तुम्ही अगदी योग्य जागी होतात, आणि दुसऱ्या दिवशी ती जागा सोडलीत, असे मला तुमचे वाचून वाटले.

ज्या पाणगवताने तुम्हाला त्रास दिला ते बहुधा हायड्रिला असावे. हे गवत मूळचे आपल्याच बाजूचे. आपल्या तळ्यांत सर्रास उगवते, आणि १९५०च्या दशकात शोभेच्या माशांच्या व्यापारातून ते फ्लोरिडात पोहोचून तिथून पसरले. टेक्सासमध्ये बास त्याच्याच कडेला दबा धरून बसतो. हिवाळ्यात हे गवत खाली बसते आणि फेब्रुवारीत त्याचा माथा पाण्याच्या पृष्ठभागापासून तीन-चार फूट खाली असतो. लिपलेस क्रँकबेट त्या माथ्यावरून असे न्यायचे की ते अधूनमधून शेंड्यांना घासेल. अजिबात न घासता गेले तर ते फार वर आहे, आणि प्रत्येक हातभर अंतरावर अडकले तर फार खाली आहे.

खोली तुमच्या हातात असते. हे आमिष बुडणारे असल्यामुळे पाण्यात पडल्यावर आकडे मोजायचे. अर्ध्या औंसाचे आमिष सेकंदाला साधारण एक फूट खाली जाते. तीन मोजून रीळ फिरवायला लागा. गवत लागलेच नाही तर पुढच्या फेकीला चार मोजा. फिरवताना रॉडचे टोक वर धरले तर आमिष उथळ चालते, पाण्याकडे झुकवले तर खोल चालते, आणि वेग वाढवला की ते आपोआप वर येते.

आता मुख्य गोष्ट. आमिष नीट चालत असताना त्याची बारीक, सलग थरथर रॉडमधून तळहातापर्यंत पोहोचते. पिठाची गिरणी चालू असताना तिच्या भिंतीला हात लावल्यावर जशी थरथर जाणवते, तशीच ही असते. गवत लागले की थरथर जड होते किंवा थांबते. त्या क्षणी आपण सगळे नवखे लोक घाबरून रीळ जोरात ओढतो आणि आमिष गवतात आणखी रुतवतो. तसे न करता रीळ थांबवावे, रॉड हलकेच पाण्याकडे न्यावा आणि मनगटाने एकच छोटा, कडक झटका द्यावा, म्हणजे आमिष गवताचे शेंडे तोडून सुटते. सुटल्यावर लगेच फिरवायला सुरुवात करू नये. दोर जेमतेम सैल ठेवून एक सेकंद त्याला खाली पडू द्यावे. दहांतले सात घास मला या एका सेकंदात मिळाले आहेत. दबा धरून बसलेल्या माशाला आपल्या डोक्यावरून काहीतरी अचानक निसटून पळताना आणि लगेच लटपटत पडताना दिसते, आणि भूक असो वा नसो, तो तोंड मारतो. एकसारख्या वेगाने जाणाऱ्या आमिषामागे तोच मासा नुसता चार हात येऊन परत फिरतो.

घास नेहमी हिसक्यासारखा येईल अशी अपेक्षा ठेवू नका. पुष्कळदा पुन्हा फिरवायला जावे तर दोराला ओल्या फडक्यासारखे मऊ वजन लागते. ते गवत समजून सोडून देऊ नका.

फेब्रुवारीचा हंगाम यासाठी उत्तम आहे. पाणी ५० अंश फॅरेनहाइट, म्हणजे सुमारे १० सेल्सियसच्या वर चढू लागले की मासे खोल पाण्यातून अंडी घालण्याच्या उथळ जागांकडे सरकू लागतात, आणि ६०च्या पुढे गेले की ते प्रत्यक्ष अंडी घालायला बसतात. या दोन्हींच्या मधला काळ हा खुळखुळ्याचा. जुन्या ओढ्यांचे चर जिथून खाडीसारख्या चिंचोळ्या भागात शिरतात, त्या चरांच्या कडेचे गवत आधी पाहा, कारण मासे त्याच वाटेने ये-जा करतात. रंग लाल किंवा नारिंगी-तपकिरी घ्या. त्या दिवसांत तिथले क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातले नांगीवाले कवचधारी प्राणी, बाहेर पडू लागतात आणि लाल आमिष त्यांच्यासारखे दिसते. सॅम रेबर्नवर तर वसंताच्या आरंभी लाल रॅट-एल-ट्रॅप (याच आमिषाची एक प्रसिद्ध बनावट) ही जवळजवळ परंपराच आहे. चकचकीत रुपेरी रंग शरद ऋतूत कामी येतो, तेव्हा शॅड या चंदेरी माशांचे थवे ओढ्यांच्या टोकांकडे जातात आणि बास त्यांच्यामागे लागतो. तुम्ही ऑक्टोबरमध्ये मोकळ्या मधल्या पाण्यात होतात, तर थवे आणि त्यांच्यामागचे मासे बहुधा ओढ्यांत शिरलेले होते.

तंगूसवाला

वरचा प्रतिसाद फार चांगला आहे, मी फक्त मासा सुटण्याविषयी लिहितो, कारण या आमिषावर सर्वाधिक मासे याच एका कारणाने जातात.

आमिष जड आहे आणि गळ त्याच्या पोटाला व शेपटीला लोंबतात. मासा हवेत मान झटकतो तेव्हा त्या १४ ग्रॅमच्या देहाला झोका मिळतो आणि तोच तरफेसारखा गळाला उचकटून बाहेर काढतो. म्हणून माशाला उडी मारू न देणे हा पहिला उपाय. घास जाणवल्यावर रॉड आकाशाकडे उपसू नका. तो पाण्याला समांतर ठेवून एका बाजूला खेचत न्या आणि रीळ फिरवत राहा. दोर वर येताना दिसला, म्हणजे मासा उडी मारायच्या बेतात आहे, तर रॉडचे टोक सरळ पाण्यात बुडवा. दोर क्षणभरही सैल पडता कामा नये.

दुसरे म्हणजे रॉड. मरळीसाठी आपण जो ताठ, कडक रॉड वापरतो तो इथे घातक आहे. गळ बारीक असतात, ते ओठाच्या पातळ कातडीत लागतात आणि कडक रॉडने कातडी फाटते. ७ फुटांचा, मधल्या भागापर्यंत वाकणारा रॉड घ्या. फायबरग्लास मिसळलेला असेल तर उत्तम. दोर म्हणून १५ पौंड ताण पेलणारा फ्लूरोकार्बन चांगला. साधे नायलॉनचे तंगूस ताणले जाते, त्यामुळे लांब फेकीत गवतातून सोडवण्याचा झटका आमिषापर्यंत पोहोचतच नाही. विणलेला ब्रेड दोर गवत कापतो हे खरे, पण तो जवळजवळ ताणलाच जात नाही. तो वापरायचाच तर रॉड आणखी मऊ हवा आणि ड्रॅग, म्हणजे माशाने ओढल्यावर रीळावरून दोर सुटू देणारा ब्रेक, थोडा ढिला हवा. माझे मत फ्लूरोकार्बनच्या बाजूने आहे.

तिसरी गोष्ट लोक विसरतात. गळाचे टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून सरकवून पाहा. टोक नखात रुतले तर ठीक, घसरले तर तो गळ बदला. गवतातल्या बुडख्यांवर आणि खडकांवर आपटून ही टोके एका दिवसात बोथट होतात. मी दर तासाला पाहतो.

सिंहगडरोडकर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. दोन्ही वेळा मी रॉड डोक्यावर उचलला होता आणि रॉडही मरळीचाच होता, त्यामुळे कारण पुरते कळले. आता झटका आणि थरथर यांचा सराव इथे कुठे करावा? आपल्या धरणांत बास नाही, पण हाताला सवय तरी लागेल.

मुळशीकाठ

दादा, मी हा सराव केलेला आहे, त्यामुळे अनुभवाचे सांगतो.

आकडे मोजण्याचा सराव ओळखीच्या एखाद्या शेतकऱ्याच्या शेततळ्यात करा, कारण तिथे खोली ठाऊक असते. मात्र दोन्ही गळ काढून टाका. तळ्याला प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असतो आणि त्याला एक भोक पडले तरी त्या माणसाचे उन्हाळ्याचे पाणी जाते. गळ काढल्यावर आमिष किंचित हलके होते, म्हणून गळांच्या कड्यांवर थोडी शिशाची तार गुंडाळा. काठावरून फेकून, दोर सैल पडेपर्यंत मोजा. दोर सैल पडला म्हणजे आमिष तळाला टेकले. माझ्याकडच्या दोन वेगवेगळ्या बनावटींच्या अर्ध्या औंसाच्या आमिषांत १० फुटांना पूर्ण दोन सेकंदांचा फरक आला होता. एक नाकावर सरळ खाली जाते, दुसरे पडताना डावी-उजवीकडे डुलत जाते. थंड पाण्यात डुलणारे अधिक उपयोगी पडते, कारण त्या दिवसांत आमिष तळाशी टेकवून, फूट-दीड फूट उचलून पुन्हा सोडत राहावे लागते आणि मासा ते पडतानाच घेतो.

झटक्याचा सराव पाणगवत असलेल्या गावतळ्यात करा, तिथेही गळ काढूनच. धरणावर करणार असाल तर मासेमारीचा ठेका ज्या संस्थेकडे आहे तिची परवानगी आधी घ्या. आणि एक विनंती. मोकळ्या पाण्यात गळ लावून हे आमिष फिरवले तर महसीर त्यावर येऊ शकतो. तीन टोकांच्या दोन गळांनी त्याच्या तोंडाची फार वाईट अवस्था होते. त्याऐवजी दोन्ही जागी बिनकाट्याचे एकेरी गळ लावा आणि मासा पाण्यातच ठेवून सोडून द्या.

सिंहगडरोडकर

तीन रविवार सराव करून लिहितो आहे.

पहिल्या रविवारी शेततळ्यावर नुसते मोजले. दुसऱ्या रविवारी गावतळ्याकाठी झटका द्यायला गेलो आणि पहिला तासभर काहीच जमेना. मी खांद्यापासून ओढत होतो, त्यामुळे आमिष गवतातून सुटून थेट सात-आठ फूट पुढे जात होते. नातू शेजारी बसला होता, तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही विहिरीतून बादली काढताय." मग कोपर बरगडीला टेकवून ठेवले आणि फक्त मनगट हलवले. आमिष हातभर पुढे सरकून तिथेच पडले. दोर पाण्यावर अर्धवर्तुळात सैल पडला आणि पुन्हा फिरवताना थरथर जशीच्या तशी परत आली. तिसऱ्या रविवारी डोळे मिटून फिरवले, आणि गवताचा एक शेंडा गळांऐवजी लावलेल्या तारेला चिकटला तरी थरथरीतला फरक हाताला कळत होता.

एकच शंका राहिली. शेंडा असा चिकटून राहिला तर दर वेळी आमिष बोटीपर्यंत आणून साफ करावे लागते का?

औंधवासी

काका, कोपर बरगडीला टेकवण्याची युक्ती मी माझ्या मुलाला लगेच सांगितली.

शेंडा चिकटला तर आधी लागोपाठ दोन झटके देऊन पाहा, बहुतेक वेळा सुटतो. नाही सुटला तर फेक वाया गेली असे समजून पटकन ओढून घ्या, कारण थरथर नसलेल्या आमिषाला बास तोंड लावत नाही. बोटीजवळ आल्यावर मात्र ते लगेच उचलू नका. शेवटच्या पाच-सहा फुटांत वेग वाढवा, कारण मागे आलेला मासा कधीकधी तिथे घेतो. आणि एका जागी दहा-पंधरा फेकींनंतर घास थांबले, पण मासे आहेत अशी खात्री असेल, तर तेवढ्यापुरते छर्रे नसलेले, न वाजणारे आमिष लावा. सतत तोच आवाज ऐकून मासे त्याकडे दुर्लक्ष करू लागतात.

परवान्याचे विसरू नका. टेक्सासमध्ये १७ वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या पाहुण्यालाही अनिवासी परवाना लागतो. बाससाठी राज्याचा सर्वसाधारण नियम किमान १४ इंच आणि दिवसाला पाच मासे असा आहे, पण तलावागणिक तो बदलतो. लेक फोर्कला गेलात तर १६ ते २४ इंचांमधला प्रत्येक मासा परत सोडावा लागतो. ज्या दिवशी ज्या पाण्यावर जाल, त्या पाण्याचा नियम आदल्या रात्री मुलाला पाहून ठेवायला सांगा, आणि मोजपट्टी बोटीत हाताशी ठेवा.