विषय: रेकन्सिलिएशन वीक आणि आपले ज्येष्ठ

प्रेषक: कार्यकारिणी

नमस्कार मंडळी,
२७ मे ते ३ जून रेकन्सिलिएशन वीक, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या मूळच्या आदिवासींशी सलोखा वाढवण्याचा आठवडा आहे. त्या आठवड्यात आपल्या मेलबर्नच्या प्रेस्टन भागातल्या हॉलमध्ये कार्यक्रम करावा असं बैठकीत निघालं. आदिवासी नृत्याचा एखादा गट बोलवावा आणि सभासदांनी चांगल्या स्थितीतली ब्लँकेटं, गरम कपडे, कोरडा शिधा आणून द्यावा, अशी कल्पना आहे. सूचना कळवा.

---

प्रेषक: एक सभासद, एपिंग

माझा विरोध नाही, पण आपल्या ज्येष्ठांचं काय? एपिंग, क्रेगीबर्नकडे कितीतरी आई-वडील मुलं कामाला गेली की दिवसभर घरात एकटे असतात. डॉक्टरकडे जायचं तर मुलाने रजा काढायची, सरकारी फॉर्म भरायचा तर सुनेने बसायचं. मंडळाकडे माणसं आणि पैसा बेताचाच. तो आधी घरच्यांसाठी लागावा असं मला मनापासून वाटतं.

---

प्रेषक: एक सभासद, रेझर्व्हॉर

काका, तुमचं म्हणणं अगदी खरं आहे. पण ते आणि कार्यकारिणीचा प्रस्ताव हे दोन वेगळे विषय नाहीत. मी इथे वॉर्डात नर्स आहे, त्यामुळे दोन्हीकडचं रोज बघते.

आपल्याकडच्या एक आजी दाखल होत्या. सोबतीला शाळकरी नातू. डॉक्टर विचारणार, नातू सांगणार. "अंगावरून जातं का" हे त्या पोराने आजीला कसं विचारायचं? आणि विचारलं असतं तरी त्याच्यासमोर आजी काय बोलणार होत्या! "बरं आहे म्हणावं" एवढंच म्हणत राहिल्या. शेवटी फोनवर मराठी दुभाषी बाई मिळाल्या, नातवाला बाहेर पाठवलं, तेव्हा कुठे आजी मोकळेपणाने बोलल्या. ही सरकारी दुभाषी सेवा, टीआयएस नॅशनल. नंबर १३१ ४५०. चोवीस तास चालू असतो. खासगी जीपीलाही (फॅमिली डॉक्टरला) मेडिकेअरच्या, म्हणजे सरकारी आरोग्य विम्यातल्या, तपासणीसाठी ही सेवा फुकट मिळते, पण पुष्कळ दवाखाने आपणहून सांगत नाहीत. अपॉइंटमेंट घेतानाच "दुभाषी लागेल" म्हणून ठासून सांगायचं.

आता ब्लँकेटांबद्दल. कृपा करून ती नकोत. एकोणिसाव्या शतकात इथलं वसाहतीचं सरकार राणीच्या वाढदिवसाला आदिवासींना ब्लँकेटं वाटायचं. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांनीच रांगेत उभं राहून ती घ्यायची. आपल्या मनात तसं काही नाही हे मला माहीत आहे, पण घेणाऱ्याला ती रांग आठवणारच.

शिवाय ही माणसं कुणी येऊन काही देईल म्हणून बसून राहिलेली नाहीत. गोऱ्या डॉक्टरांच्या दवाखान्यात अपमान व्हायचा, म्हणून १९७१ मध्ये सिडनीच्या रेडफर्नमध्ये त्यांनी स्वतःचा दवाखाना काढला. १९७३ मध्ये आपल्या मेलबर्नला, फिट्झरॉयच्या गर्ट्रूड स्ट्रीटवर व्हिक्टोरियन अ‍ॅबोरिजिनल हेल्थ सर्व्हिस ही आदिवासींचीच आरोग्यसेवा सुरू झाली. तिचं संचालक मंडळ समाजातूनच निवडलेलं असतं. माझ्या मते सगळं सार यातच आहे. गडचिरोलीत बंग दाम्पत्याने दवाखाना बांधण्याआधी गोंडांना विचारलं, तेव्हा मोठ्या इमारतीची भीती वाटते, आमच्या गावासारखं असू द्या, असं उत्तर मिळालं. म्हणून शोधग्रामचा दवाखाना झोपड्यांचा आहे आणि नाव दंतेश्वरी देवीचं. फिट्झरॉयवाले त्याच्याही एक पाऊल पुढे आहेत. तिथे विचारणारेही तेच आणि चालवणारेही तेच.

वृद्धांच्या बाबतीत तर हे फारच नाजूक आहे. सरकारने आणि मिशनांनी आईपासून तोडून नेलेल्या मुलांपैकी अनेक जण आज म्हातारे आहेत. २००८ च्या १३ फेब्रुवारीला संसदेत माफी मागितली गेली, पण लहानपण संस्थेत काढलेल्या माणसाला म्हातारपणी पुन्हा संस्थेच्या दारात जायचं म्हटलं की छातीत धस्स होतं. ब्रन्सविक ईस्टला आदिवासी ज्येष्ठांची स्वतःची संस्था आहे, ती उगाच नाही. आणि दुखणी लवकर गाठतात म्हणून वृद्धसेवेसाठी त्यांचं वय ६५ नव्हे, ५० धरतात.

आपल्यातले बरेच जण रिसेप्शनवर, फार्मसीत, एज्ड केअरमध्ये आहात. "तुम्ही अ‍ॅबोरिजिनल किंवा टोरेस स्ट्रेट आयलंडर (म्हणजे इथले मूळ रहिवासी) आहात का" हा प्रश्न प्रत्येकाला विचारायचा असतो. रंग बघून गाळू नका. गोरी दिसणारी बाईही "हो" म्हणते. तो रकाना रिकामा राहिला की त्यांच्यासाठीची वर्षाची आरोग्य तपासणी (मेडिकेअरमध्ये नंबर ७१५), स्वस्त औषधं, हॉस्पिटलात मदतीला असलेला त्यांच्या समाजाचा लायझन ऑफिसर, सगळं हुकतं.

तेव्हा माझी सूचना: कार्यक्रम एकच करूया, आपल्या ज्येष्ठांसाठी. दुभाषी कसा मागायचा, माय एज्ड केअर या सरकारी वृद्धसेवेच्या फोनवर (१८०० २०० ४२२) काय सांगायचं, हे मराठीत. त्यात आदिवासी आरोग्यसेवेतलं कुणी येऊन बोलेल का, हे आधी त्यांना विचारू. नको म्हणाले तर तेही मान्य.

---

प्रेषक: खजिनदार

ताई, पटलं. एक शंका. कार्यक्रमाच्या सुरुवातीला आदिवासींकडून होणाऱ्या स्वागतविधीला आणि वक्त्यांना मानधन द्यायचं का? आपले कार्यक्रम स्वयंसेवेवर चालतात.

---

प्रेषक: एक सभासद, रेझर्व्हॉर

हो, द्यायचंच. गणपतीत गायकाला बिदागी देतो, तसंच. प्रेस्टन ही वुरुंजेरी लोकांची भूमी, त्यामुळे हा स्वागतविधी, वेलकम टू कंट्री, त्यांच्याच संस्थेतर्फे होईल. दर त्यांना विचारा आणि घासाघीस करू नका. रेकन्सिलिएशन वीकमध्ये त्यांची फार ओढाताण असते, तारीख नाही जुळली तर जूनअखेर घेऊ.

---

प्रेषक: एक सभासद, एपिंग

ताई, हा कार्यक्रम झालाच पाहिजे. आमच्या गल्लीतल्या आजी-आजोबांना मी स्वतः घरोघरी जाऊन सांगतो. आमच्या हिच्या पुढच्या अपॉइंटमेंटला मीही दुभाषी मागतोय. ती माझ्यासमोर सगळं सांगत नाही, हे तुमचं पत्र वाचताना लक्षात आलं.

---

प्रेषक: कार्यकारिणी

वस्तूसंकलन रद्द. त्यासाठी ठेवलेली रक्कम मानधनाला. वुरुंजेरी संस्थेला आणि आरोग्यसेवेला सचिव या आठवड्यात पत्र पाठवतील, तारीख त्यांच्या उत्तरानंतर ठरेल. एपिंग-क्रेगीबर्नहून ज्येष्ठांना आणण्यासाठी गाड्या हव्यात. कोण येऊ शकेल, याच मेलला उत्तर द्या.