इंजिन नव्याने बांधलेली मॉरिस मायनर सुरुवातीला कशी चालवावी?

फोंड्याचा मॉरिसवाला

नमस्कार. आमच्या घरी गोवा मुक्तीपूर्वी आलेली 1959 ची मॉरिस मायनर आहे. तिचे 948 सीसीचे इंजिन पूर्ण खोलून नव्याने बांधून घेतले आहे. ब्लॉक बोअर करून वीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ओव्हरसाइझ पिस्टन व नव्या रिंगा बसवल्या, क्रँक ग्राइंड करून नवी बेअरिंग घातली. कॅमशाफ्ट आणि टॅपेट मात्र चांगले असल्यामुळे तेच ठेवले आहेत. पहिल्याच सेल्फला इंजिन चालू झाले आणि आवाजही समाधानकारक आहे.

प्रश्न पुढचा आहे. ज्यांनी इंजिन बांधले त्यांचे म्हणणे असे की, गाडी आधी रोज दोन-दोन तास जागेवरच चालू ठेवावी आणि त्यानंतर हजार किलोमीटर होईपर्यंत टॉप गिअरमध्ये चाळीसच्या वर नेऊ नये. दुसऱ्या एका जाणकारांनी याच्या नेमका उलट सल्ला दिला. सध्या सायलेन्सरमधून थोडा निळसर धूर येतो, तसेच इंजिन तापल्यावर आयडलला ऑइलचा दिवा मधूनमधून लुकलुकतो. मला मुख्यतः फोंडा ते पणजी या रस्त्यावर गाडी चालवायची आहे आणि पावसाळ्यापूर्वी एकदा चोर्ला घाट चढण्याची इच्छा आहे. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

म्हापशाचे गॅरेजवाले काका

सर्वप्रथम जागेवर चालू ठेवणे बंद करा. बोअर केल्यानंतर होनिंगच्या, म्हणजे दगडाने घासण्याच्या, ज्या बारीक तिरप्या रेघा सिलिंडरच्या भिंतीवर राहतात, त्यांच्यावर घासूनच रिंगा बसतात, आणि त्यासाठी रिंगांच्या मागून ज्वलनाचा दाब मिळावा लागतो. आयडलला हा दाब अगदीच कमी असतो. अशा स्थितीत इंजिन तासन्‌तास चालले, तर त्या रेघांमध्ये जळक्या ऑइलचा थर बसून भिंत काचेसारखी गुळगुळीत होते. मग रिंगा कधीच बसत नाहीत आणि हेड उतरवून, पिस्टन काढून पुन्हा होनिंग करण्यावाचून उपाय उरत नाही. कॅमशाफ्ट नवी असती, तर पहिली वीसेक मिनिटे ती मिनिटाला दीड ते अडीच हजार फेऱ्यांवर चालवावी लागली असती. तुमची जुनीच असल्यामुळे तोही प्रश्न नाही.

टॉप गिअरमध्ये चाळीसचा नियमही मला पटत नाही. त्या वेगाला इंजिन दोन हजार फेऱ्यांच्याही खाली असते. त्यातच चढ आला आणि आपण ॲक्सिलरेटर दाबला, की इंजिन कण्हते आणि सगळा भार नव्या बेअरिंगांवर येतो. त्यापेक्षा गिअर खाली घ्यावा.

तुमचा रस्ता या कामासाठी उत्तम आहे. फोंड्याहून फर्मागुडीचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर अर्ध्याच्या थोडा पुढे ठेवून चढा. पलीकडे म्हार्दोळच्या बाजूला उतरताना त्याच गिअरमध्ये पाय पूर्ण काढून घ्या. चढताना रिंगा दाबाने भिंतीला टेकतात, तर उतरताना सिलिंडरमध्ये निर्वात वाढल्यामुळे थोडे ऑइल वर खेचले जाते आणि घासलेले कण धुतले जातात. जुने गोवे ते रायबंदर हा सपाट रस्ता त्यानंतर वेग कमी-जास्त करत चालवावा. एकाच वेगावर अडकून राहू नये. गुरुवारी मात्र बाणस्तारीच्या बाजारामुळे रस्त्यावर खोळंबा होतो. नव्या इंजिनाला ती गर्दी नकोच, त्यामुळे तो वार टाळा.

साधे मिनरल 20डब्ल्यू-50 ऑइल वापरा, सिंथेटिक नको. पहिले ऑइल साधारण दोनशे किलोमीटरला बदला आणि काढलेले ऑइल पांढऱ्या फडक्यावर ओतून पाहा. करडी झाक अपेक्षित आहे. तांबूस चकाकणारे कण दिसले, तर बेअरिंगची चौकशी करावी लागेल.

मडगावचा निवृत्त अभियंता

काकांशी मी पूर्णपणे सहमत आहे. तथापि, ऑइलच्या दिव्याचा विषय त्यांच्याकडून राहून गेला आणि माझ्या मते तोच सर्वांत आधी पाहायला हवा. दाब अगदी खाली गेल्याशिवाय हा दिवा लागत नाही, म्हणून त्याच्यावर विसंबून अंदाज बांधण्याऐवजी स्विच काढून त्या जागी तात्पुरता प्रेशर गेज लावावा. इंजिन पूर्ण तापल्यावर चालत्या गाडीत साठ पीएसआयच्या आसपास आणि आयडलला पंधरापेक्षा कमी नाही, एवढा दाब मिळाला तर दोष स्विचचा समजावा. तसे नसेल, तर गाडी एक किलोमीटरही पुढे नेऊ नये.

दुसरे म्हणजे, इंजिन एकदा पूर्ण तापून रात्रभर थंड झाले, की हेडचे नट ठरलेल्या क्रमाने 40 फूट-पौंडांवर पुन्हा आवळावेत. गॅस्केट दबल्यामुळे ते थोडे सैल झालेले असतात. त्यानंतरच टॅपेट (म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यातली फट) 0.012 इंचावर लावावेत, कारण हेड आवळल्यावर हे अंतर कमी होते. आधी टॅपेट लावले तर ती मेहनत फुकट जाते.

पेट्रोलबद्दलही थोडे लिहितो. हे इंजिन शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातले आहे आणि हेड बिडाचे आहे. कडक पोलादाच्या एक्झॉस्ट सीट (व्हॉल्व्ह टेकतो त्या कडा) बसवून घेतल्या नसतील, तर वेगाने लांब पल्ला मारल्यावर सीट हळूहळू झिजतात आणि टॅपेटचे अंतर मिटत जाते. शिवाय आता मिळणारे ई-20, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा खराब करते व त्यामुळे मिश्रणही पातळ होते. नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घाला आणि एसयू कार्बोरेटर किंचित रिच करा, म्हणजे मिश्रणात पेट्रोल थोडे वाढवा. पातळ मिश्रणावर नवे, घट्ट इंजिन घाटात नक्की तापेल.

व्हीए पाटीवाला, पणजी

एक छोटी भर. गाडी 2021 च्या नियमांनुसार व्हिंटेज गाड्यांच्या व्हीए मालिकेत नोंदवलेली असेल, तर रोजच्या वापरासाठी ती रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल यांना मुभा आहे. जुनीच नोंदणी चालू असेल, तर हा प्रश्न येत नाही.

फोंड्याचा मॉरिसवाला

सर्वांचे मनःपूर्वक आभार. नोंदणी जुनीच आहे. गेज लावून पाहिला. तापल्यावर आयडलला अठरा आणि चालत्या गाडीत अठ्ठावन्न मिळतात, तेव्हा स्विच बदलला. हेडचे नट खरोखरच पाव-पाव फेरा आवळले गेले. आता चढावर धूर दिसत नाही, परंतु फर्मागुडी उतरून पुन्हा ॲक्सिलरेटर दिला, की निळा लोट एकदाच येतो आणि लगेच विरतो. रिंगा अजून बसल्या नाहीत, असे समजावे काय?

म्हापशाचे गॅरेजवाले काका

नाही. रिंगांचा धूर चढावर, भार असताना येतो. उतरल्यावर एकदाच लोट येत असेल, तर ऑइल व्हॉल्व्ह गाइडमधून (व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळीतून) खाली ओढले जाते आहे. हेडचे काम करताना गाइड बदलले होते का, ते विचारून घ्या. नसतील बदलले, तरी घाबरण्यासारखे काही नाही. सीट बसवण्यासाठी हेड उतरेल तेव्हा दोन्ही कामे एकत्र करावीत. चोर्ला दुसरे ऑइल बदलल्यावर करा, म्हणजे सातशे-आठशे किलोमीटर झाल्यावर, आणि पहाटे निघा. केरी सोडल्यावर चढ संपेपर्यंत तापमानावर लक्ष ठेवा, आणि वर पोहोचल्यावर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर चालू ठेवा. एवढे आयडल चालते.