‘समाजसुधारक’मधला समाज कुठला?

म्हापशातून
नमस्कार. मुलीला शाळेत प्रोजेक्ट आहे, गोव्यातले समाजसुधारक. वर्गातल्या बऱ्याच जणांनी भाऊसाहेब बांदोडकर घेतले म्हणून आम्ही राजाराम पैंगीणकर घेतले. तिने पहिलंच वाक्य लिहिलं, ‘राजाराम पैंगीणकर हे थोर समाजसुधारक होते’, आणि मोठ्याने वाचून दाखवलं तर सासूबाई आतून म्हणाल्या, “समाजाचेच न्हय ते?” मुलगी म्हणाली हो आजी, समाजाचेच, समाजसुधारक आहेत ना. मला दोन मिनिटांनी कळलं की दोघी एकच शब्द दोन अर्थांनी बोलतायत, पण मुलीला ते समजावताना माझीच अडचण झाली. नुसतं ‘समाज’ म्हटलं की एक ठरावीक समाज, हे फक्त गोव्यातच का? आणि मूळ शब्दाचा अर्थ काय?

पुण्यातून
आमच्याकडे असं नाही. ‘आमच्या समाजात’ म्हटलं तर बोलणाऱ्याची जात, आणि नुसतं समाज म्हटलं तर सगळे लोक. ‘तो समाजाचा’ असं वाक्य मी ऐकलेलं नाही, ऐकलं असतं तर कुठल्या समाजाचा असं विचारलं असतं.

फोंड्यातून
ताई, मी समाजाचाच आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.
पूर्ण नाव गोमंतक मराठा समाज. त्याच्याआधी आम्हाला जी नावं होती ती सगळी दुसऱ्यांनी दिलेली, म्हणजे कलावंत, भाविण, देवळी, बांदे, फर्जंद. देवळात गाणाऱ्या नाचणाऱ्या त्या कलावंत, झाडलोट दिवाबत्ती करणाऱ्या त्या भाविणी, त्यांचे मुलगे देवळी, ते वाजप करायचे मशाल धरायचे. मुलगी लहान असतानाच तिचा शेंस करायचे, लग्नासारखाच विधी पण नवरदेवाच्या जागी पुरुषवेशातली दुसरी मुलगी उभी, म्हणजे लग्न झालं आणि नवरा नाही. पुढे तिला यजमान, म्हणजे सांभाळणारा पुरुष, असायचा, मुलं व्हायची, पण त्या मुलांना बापाचं नाव नाही.
आता ‘कलावंत’ हा शब्द बघा. पुण्यामुंबईत ‘ज्येष्ठ कलावंत’ म्हटलं की सत्कार. माझ्या आजीला कोणी कलावंत म्हटलं असतं तर ती उठून आत गेली असती, कारण तिच्या लेखी ते कौतुक नव्हतं, तो शिक्का होता.
माझ्या आजोबांना शाळेत घातलं तेव्हा मास्तरांनी सगळ्या वर्गासमोर विचारलं बापाचं नाव काय, आणि आजोबांनी आईचं सांगितलं, वर्ग हसला. ते दुसऱ्या दिवशी गेले नाहीत. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, मी विशीत असताना. पैंगीणकरांच्या आत्मचरित्राचं नाव ‘मी कोण?’ असं आहे, ते कपाटात पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला तो वर्गच आठवला.
पैंगीणकर आणि त्यांच्या सोबतची माणसं गावोगाव फिरली, मुलींचे शेंस थांबवा, लग्नं लावा, मुलांना शिकवा. ऐकणं सोपं नव्हतं कारण देवळाची जमीन आणि पोट त्या सेवेवरच होतं. 1930 साली पोर्तुगीज सरकारने मुली देवाला वाहण्यावर बंदी घालणारा कायदा केला तो ह्या चळवळीमुळे. आणि ती सगळी वेगवेगळी नावं टाकून एकच नाव घेतलं, त्यातला शेवटचा शब्द तेवढा लोकांच्या तोंडी राहिला. समाज.

काणकोणातून
फोंड्याच्या दादांचं सगळं बरोबर, पण एक गोष्ट राहिली. आमच्या गावात ‘समाजाचो’ हे लोक आवाज खाली आणून म्हणायचे. म्हणजे जुनी नावं तोंडावर घेता येईनात म्हणून हा शब्द झाकण म्हणून वापरला, अर्थ मनात तोच. म्हणून सासूबाईंनी कुठल्या स्वरात म्हटलं ते महत्त्वाचं आहे.
आणि फर्जंद हा मूळ फारसी शब्द, अर्थ फक्त अपत्य, लेकरू. मराठीत येऊन तो दासीपुत्राला लागला. शिवकाळातले हिरोजी फर्जंद सगळ्यांना माहीत आहेत, तिथे तेच नाव मानाने घेतात, आणि इकडे गोव्यात भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, घरी राबणाऱ्यांना तोच शब्द.

पणजीतून
मूळ अर्थाबद्दल. सम् + अज्, एकत्र जाणं. अमरकोशात फरक दिलाय, जनावरांचा कळप तो ‘समज’ आणि बाकीच्यांचा मेळा तो ‘समाज’. फक्त एका काना-मात्रेचा, खरं तर एका कान्याचा फरक. अशोकाच्या गिरनारच्या लेखात समाज करू नये असा हुकूम आहे, तिथे समाज म्हणजे जत्रेसारखा मेळा, खाणंपिणं गाणंबजावणं. ‘सगळे लोक’ हा अर्थ नंतरचा.
19व्या शतकात तो संस्थेच्या नावात आला: ब्राह्मो समाज 1828, प्रार्थना समाज 1867, फुल्यांचा सत्यशोधक समाज 1873, आर्य समाज 1875. इथे समाज म्हणजे आपणहून एकत्र आलेली माणसं, जन्माने आलेली नव्हेत. पुण्याचा गायन समाज पण 1874चाच, म्हणजे गाणं हा धागा तिथेही आहे.
म्हणून मला वाटतं गोमंतक मराठा समाज हे नाव घेणाऱ्यांनी शब्द नीट निवडला. जातीचं नाव दुसरे ठेवतात, समाज आपण स्थापन करतो. आणि त्यांचं मासिक 1929 पासून निघतंय, त्याचं नाव ‘समाज सुधारक’. आता ह्यातला समाज कुठला ते कोणी सांगावं, मला तर दोन्ही अर्थ एकदम ऐकू येतात.

पुण्यातून
हे मला अजिबात माहीत नव्हतं. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर ह्यांचं गाणं आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या ऐकतात आणि आम्ही त्यांना बिनधास्त कलावंत म्हणत आलो. आता तो शब्द वापरताना थांबायला होईल. मग गायिकाच म्हणावं का?

फोंड्यातून
गायिका म्हणा, दादा. त्या गायिकाच होत्या. आणि काणकोणच्या ताईंचं खरं आहे, खालच्या आवाजातलं ‘समाज’ मीही ऐकलंय. पण माझ्या वडिलांनी तोच शब्द मोठ्याने वापरला. पणजीला समाजाच्या कार्यक्रमाला निघाले की रस्त्यात भेटेल त्याला सांगायचे, समाजात चाललोय. एवढंच, पुढे काही नाही.

म्हापशातून
सगळ्यांचे खूप आभार. काल सासूबाईंना सरळ विचारलं. त्या म्हणाल्या लहानपणी त्यांच्या आईने त्यांना ‘त्यांच्याकडे पाणी पिऊ नको’ असं सांगितलेलं, ते मनातून अजून जात नाही, आणि हे सांगताना त्यांनी स्वर खाली आणला नाही. मग मुलीला जवळ बसवून शेंस म्हणजे काय ते त्यांनीच सांगितलं, मला इतकं जमलं नसतं. मुलीने वाक्य बदललं: ‘राजाराम पैंगीणकर यांनी आपला समाज उभा केला आणि गोव्याचा समाज बदलायला लावला.’ बाई म्हणतील एकच शब्द दोनदा आलाय. तिने खोडलेला नाही.